टेकडीवरचा चहा

"पडद्यावर बघा, शोधायचे शब्द इथे टाकायचे," ग्रंथपाल ढोबळे म्हणाले. वर्गातल्या सगळ्या माना मोबाइलमध्ये खुपसलेल्या होत्या. दर वर्षी हेच व्याख्यान देऊन ढोबळ्यांचा जीव विटला होता. त्यात प्राचार्यांनी कालच बजावलं होतं, "ग्रंथालयाची ती ऑनलाइन नियतकालिकं कुणी उघडतसुद्धा नाही. या महिन्यात वापर दिसला नाही, तर वर्गणी बंद!"

दमून ढोबळ्यांनी खुर्चीत अंग टाकलं आणि एक थाप ठोकून दिली. "आपल्या या माणदेशी टेकडीवर इंग्रजांच्या काळी चहाचे मळे होते. इथला चहा थेट विलायतेच्या राणीला जायचा."

माना वर झाल्या. "सर, कायपण! इथं कुसळंसुद्धा धड उगवत नाहीत," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"मग पाड की मला खोटं. पण पुरावा या ऑनलाइन नियतकालिकांतला पाहिजे, मोबाइलवर फिरणारं चालणार नाही."

दुपारी ग्रंथालयातला एक संगणक रिकामा मिळेना. कुणी पावसाच्या जुन्या नोंदी उपसल्या, कुणी मातीवरचे शोधनिबंध. संध्याकाळी त्या मुलीने पुराव्यांचा गठ्ठाच टेबलावर आपटला. "सर, तुम्ही चक्क थापाडे आहात!" नोकरीत इतकं गोड त्यांना कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात प्राचार्य लगबगीने आत आले. "ढोबळे, आपल्या टेकडीवर चहाचे मळे होते म्हणे! कॉलेजच्या माहितीपत्रकात छापायला पाठवलंसुद्धा!"

ढोबळ्यांनी सुस्कारा सोडला आणि संगणकासमोरची खुर्ची पुढे ओढली. "बसा, सर. ही पोरगी शिकवेल तुम्हाला. माझं आजचं व्याख्यान झालंय."