महागातली जोडी

"आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. एवढंच," कानाची मशीन बसवणाऱ्या बाई काचेपलीकडे आईला पुन्हा एकदा समजावत होत्या. आई मान डोलवायची, बटण मुठीत घट्ट धरायची आणि मग नुसती बसून राहायची.

काचेच्या अलीकडे मुलगी उभी राहून बघत होती. किती उशीर केला आपण, असं तिला वाटलं.

ती परगावाहून रजा काढून आली होती, तीच मुळी कंबर कसून. वर्षभर फोनवर आई "मला नाही बाई नीट ऐकू येत, यांच्याशी बोल" म्हणून फोन बाबांच्या हातात द्यायची. हीच आई हॉस्पिटलात मेट्रन होती तेव्हा नुसत्या नजरेने अख्ख्या वॉर्डाला धाकात ठेवायची, आणि हाताखालच्या प्रत्येक नर्सच्या घरात काय शिजतंय हे तिला ठाऊक असायचं. आता जुन्या मैत्रिणी भेटायला येतो म्हणाल्या तरी ती निमित्त काढून टाळायची. मुलीला आपली बोलकी आई परत हवी होती आणि ती मिळाल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

तपासणी संपवून बाई बाहेर आल्या. "उत्तरं जरा वर-खाली येतायत. पण ऐकणं तसं फार कमी नाही. साधं मशीन पुरेल."

ते साधं मशीन आठवडाभर घरी वापरून बघायला मिळालं. पण आईच्या तक्रारी काही संपेनात. कानात खाज सुटते. नळ सोडला की डोक्यात पूर येतो. शेजारचा माणूस वर्तमानपत्र उलगडतो आणि आवाज इथे येतो. एकदा तर ते मशीन सगळं घर पालथं घातल्यावर साखरेच्या डब्यात सापडलं.

"मुद्दाम टाकलंस ना?" मुलीने विचारलं.

"मी कशाला टाकू?" आई फणकारली, आणि ते खरंच वाटावं असं फणकारली.

पुन्हा सगळे त्या बाईंसमोर जाऊन बसले. या खेपेला बाबा पुढे सरसावले. बाबा म्हणजे एकच चप्पल शिवून शिवून वापरणारा माणूस. ते म्हणाले, "महागातली जोडी दाखवा. फोनला जोडता येते ती."

बाईंनी दाखवली. बोटाच्या पेरावर मावेल एवढी, हलकी, कानामागे गेली की दिसतही नाही. आईने घालून बघितली आणि पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

"मी दुसऱ्या खोलीतून बोललो तर हिला ऐकू येईल?" बाबांनी विचारलं.

"येईल की. कॉलरला लावायचा छोटा माइक मिळतो सोबत."

"आणि हिच्या शेजारी कुणी बसलं असेल तर त्यांना?"

"छे. फक्त यांनाच."

मुलीला हसू आवरेना. "बाबा, इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलात, आता गुपितं सांगणार का तिला?"

"उशिरा सुचलं गं," बाबा म्हणाले.

किंमत ऐकून मात्र मुलीला घाम फुटला. "यात एक स्कूटर येईल, बाबा."

"स्कूटर बोलते का तुझ्या आईशी?" बाबांनी विचारलं, आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन ठेव मोडून आले.

घरी आल्या आल्या बाबा माइक लावून आतल्या खोलीत गेले. किती लांबून ऐकू येतं ते बघतो, म्हणाले. इकडे आई मुलीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने कानाला हात लावला आणि म्हणाली, "काय गं खारूताई, खिशात शेंगदाणे आहेत का अजून?"

खारूताई हे मुलीचं लहानपणचं नाव. वर्षभरात ते आईच्या तोंडून आलं नव्हतं. मुलगी तिथेच रडली. महागातली तर महागातली, पैसे वसूल झाले होते.

"आता मैत्रिणींना बोलवायचंच," तिने डोळे पुसत जाहीर केलं.

"मी करतो त्यांना फोन," बाबा म्हणाले. एरवी 'हो-बरं-ठेवतो' यात फोन उरकणारे बाबा एकेकीशी खुर्ची ओढून बोलत बसले. जावयांची चौकशी केली, गुडघ्यांची केली, कोण जाड झालं नि कोणी केस कापले तेही विचारून घेतलं. मशीन आईच्या कानात बसलं होतं आणि वाचा बाबांना फुटली होती. मुलीला त्याची गंमत वाटली.

ठरल्या दुपारी चौघी आल्या. "बायकांत माझं काय काम," म्हणत बाबा आतल्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला.

आई दारासमोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. एकेक जण आत आली. आई कानाला हात लावायची, क्षणभर थांबायची आणि मग तिची गाडी सुटायची.

"गुडघा काय म्हणतोय, बुटके?"

"आणि तू गं? जावई आला का परदेशातून?"

"केस कशाला कापलेस? ड्यूटीवर असतीस तर घरी पाठवलं असतं मी."

चौघी पोट धरून हसल्या. "मेट्रन, तुम्ही काही म्हणजे काही विसरला नाहीत," बुटकी म्हणाली आणि तिने डोळ्याला रुमाल लावला.

मुलीने सगळ्यांना चहा दिला. आईच्या हातात कप ठेवताना तिला भरून आलं. जिंकलो आपण, तिच्या मनात आलं. हे बाबांना सांगायलाच हवं होतं. त्यांचा कप घेऊन ती स्वयंपाकघराच्या बाजूने आतल्या खोलीत शिरली.

बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. डोळा पडद्याच्या फटीला, बोटं कॉलरवर.

"घाबरू नकोस," ते कुजबुजत होते. "आत्ता तुला चहा दिला ना, पिवळ्या कुडत्यातली, ती आपली मुलगी. खारूताई म्हण तिला. तिला बरं वाटतं."