येळवसेची सुट्टी

पुनमनं मागच्या उन्हाळ्यात सृष्टीचं नाव शाळेतून काढलं आणि तिला घरीच शिकवायला घेतलं. लेकराचं बालपण चार भिंतींत कोंडायचं नाही, हे तिनं नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की आता कुणी विचारायचंही सोडून दिलं होतं.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. ह्या मायलेकीही चाकूरला सिंधुआत्याच्या रानात आल्या. शाळांना सुट्टी, त्यामुळं आत्याची पोरं गारठ्यातच बांधावरची बोर झोडपायला लागली होती. सृष्टी तिकडं पळणार, तोच पुनमनं तिला पूजेसाठी उभारलेल्या खोपटापाशी, कोपीपाशी थांबवलं.

"बघ बेटा, कडब्याची ही कोप त्रिकोणीच का बांधतात? विचार करून सांग."

मग भज्जीच्या मिसळभाजीतल्या डाळी आणि त्यांतली प्रथिनं झाली. मग आंबील आंबट कशानं होते, ते झालं. पुनमच्या अंगात नुसता हुरूप संचारला होता. बोरीखालचा पोरांचा कालवा वाढत गेला, तशी सृष्टीची उत्तरं बारीक होत गेली.

जेवायला वाढताना सिंधुआत्या म्हणाली, "मज्जा हाय बाई तुझी! ह्या पोरांना कुठं आज एक दिवस सुट्टी घावली. तुला तर बाराही महिने!"

सृष्टीनं आईकडं चोरून बघितलं आणि आत्याचा पदर ओढला.



"आत्या, मला शाळेत टाक ना. शाळा सुटते तरी."