पाइपातली धडधड

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. डोंगरावरच्या टाकीतून एक जाडजूड पाइप खाली येतो आणि त्यातल्या पाण्यावर टर्बाइन फिरून गावाला वीज मिळते. पण चार दिवस तो पाइप सारखा धडधडतो आहे. पाणी धक्के खात येते, म्हणून निम्मीच वीज तयार होते.

टर्बाइनमध्ये दोष शोधून इंजिनीअर साहेब थकले. "पाइप फुटेल अशाने. बंद करा," ते म्हणाले. टर्बाइन सांभाळणाऱ्या बाबांनी जड मनाने झडपेचे चाक धरले; त्यांची छोटी मुलगी कस्तुरी शेजारीच उभी होती. गाव पुन्हा कंदिलावर जाणार होते.

"बाबा, थांबा! वर कुणी बघितलंय का?"

"आवाज इथे, आणि ही निघाली डोंगरावर!" साहेब हसले.

आवाज खाली ऐकू येत होता, म्हणून चार दिवसांत कुणीच वर चढले नव्हते. कस्तुरी धावत चढली. टाकीतले पाणी उतरले होते आणि पाइपाच्या तोंडावर भोवरा फिरत होता. तो गटकन हवा गिळायचा आणि लगेच तिच्या हाताखाली पाइप हादरायचा.

तिने जवळच पडलेली केळीची तीन खोडे वेलीने बांधली आणि काठावरूनच भोवऱ्यावर सोडली. तरंगत्या खोडांनी पाण्याचे फिरणे अडवले आणि भोवरा मोडला. पाइप शांत झाला.

"कस्तुरे, मीटरचा काटा चढला गं! पूर्ण वीज आली!" खालून बाबा ओरडले.

"अगं, केलंस तरी काय?" साहेबांनीही खालूनच ओरडून विचारले.

कस्तुरी काठावर ऐसपैस बसली आणि ओरडली, "वर येऊन बघा की, साहेब!"