सेल्बीचा नांगर

लोखंडी गळ टाकून माणसं सकाळपासून खाडीचा तळ धुंडाळत होती, आणि मर्टल स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी फडक्यात पाव बांधून देत होती.

"अगं डावखुरे, तुझी ही उलटी गाठ सोडवताना त्या बापड्यांची नखं तुटतात!" शेजारची ड्रुसिला म्हणाली. "आणि बाह्या वर कर जरा. पिठात लोळतायत."

"थंडी वाजतेय गं."

तिच्या नवऱ्याची, सेल्बीची होडी रिकामीच वाहत आली होती. नांगर नव्हता. वादळात दोर तुटला असणार, असं सगळ्यांनी धरलं. सेल्बी मात्र अजून सापडला नव्हता.

मर्टलची झोप उडाली होती. पहाटे दारात ओल्या बुटांची चाहूल लागायची. उठून पाहावं तर उंबरा कोरडा. तिला फार भीती वाटायची.

"शोध थांबवा म्हणावं," ती म्हणाली. "हवा बरी नाही. आणखी कुणाचा जीव नको जायला."

"खुळी का तू? मातीत गेल्याशिवाय मेलेला माणूस घर सोडत नाही. आणि त्याचा जीव होता गं तुझ्यावर! चार लोकांत म्हणायचा ना, 'ही माझा नांगर आहे, हिच्यामुळे मी वाहवत जात नाही.' रविवारी पाद्रीबाबाही तेच सांगणार आहेत."

मर्टलच्या हातून फडकं निसटलं.

तेवढ्यात किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. ड्रुसिला शाल सावरत धावली. थोड्या वेळाने म्हातारा ओबेड एकटाच आत आला. सेल्बीचा बाप. अंगरखा निथळत होता.

"सापडला," तो म्हणाला. "माझ्याच गळाला लागला. बाकीच्या होड्या लांब होत्या."

"बाबा..."

"दोर तुटला, पोरगं पडलं, बुडालं. मी सगळ्यांना तेच सांगितलंय. घेऊन येतायत त्याला."

तो तिच्यासमोर बसला. तिची बाही हलकेच वर सारून त्याने मनगटावरचे निळेकाळे वळ पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

"मला तो कधी आवरता आला नाही, पोरी."

मग खिशातून त्याने कापलेल्या दोराचा ओला तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यात एक गाठ होती. उलटी, घट्ट.

"ही त्याच्या कमरेला होती, खाली नांगर," ओबेड म्हणाला. "चुलीत टाक. माणसं दारात आली."