दिराचं नाव

२००९ साली किर्गिझस्तानातल्या ओश शहरातल्या बसच्या ऑफिसात सालकिन आणि तिचा थोरला दीर शेजारी बसत. तिथे सून थोरल्या दिराचं नाव घेत नसते. ती भाऊजी म्हणे. तिकीटविक्रीचा नवा प्रोग्रॅम आधी तपासायला तिने जुन्या संगणकावर चाचणीपुरता हलका सर्व्हर बसवला. “हे खेळणं काढ, सूनबाई. मोठा घाल, नाहीतर घरी जाऊन नान भाज,” दीर खेकसला. मोठ्या सर्व्हरपायी संगणक बंदच पडला. दिराने न तपासताच विक्री सुरू केली. नवरोजच्या सणाला बसमधली एकेक जागा दोघादोघांना विकली गेली. “कुणाचं काम हे?” बसचे मालक कडाडले. “हिचं. तपासायची अक्कल नाही,” दीर म्हणाला. सालकिन उठली. “माझा सर्व्हर शादिबेकने काढायला लावला.” सुनेच्या तोंडी दिराचं नाव ऐकून साऱ्यांनी माना वळवल्या. नोकरी गेली आणि शादिबेक टॅक्सी चालवू लागला. सालकिनला बढती मिळाली. सासूने मात्र मरेपर्यंत तिच्या हातचा चहा घेतला नाही.