धुळीच्या लसीतली धूळफेक

“प्रथिनांचं एकूण प्रमाण बरोबर आहे ना? मग करा सही,” साहेब म्हणाले आणि शिंकले.

मृण्मयीने पेनला हातही लावला नाही. घरातल्या धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी घालवणाऱ्या लसीचा अर्क तिने मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासला होता. एकेक प्रथिन ओळखणाऱ्या त्या यंत्राला किड्यांना चारलेलं यीस्टच तेवढं सापडलं होतं.

“साहेब, यात किडा नाही, नुसतं त्याचं जेवण आहे.”

“जाऊ द्या हो मॅडम, पाहतंय कोण?”

“धाप लागलेली पोरं वाट पाहताहेत. धुळीच्या लसीत धूळफेक मी करणार नाही. मागच्या बाटल्याही काढते तपासायला.”

साहेब पुन्हा शिंकले. आपलीच लस ते वर्षभर टोचून घेत होते, हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं.

“माझी आधी काढा,” नाक पुसत ते म्हणाले, “आणि सही राहू द्या.”