उरलेली पूरमदत

"पूर येऊन गेला, आणि आता पोहायला शिकवायला लागलेत," शालनकाकू ओढणी कमरेला करकचून बांधत पुटपुटल्या. "त्यात हा ड्रेस लेकीचा. श्वास घेतला तरी शिवण उसवेल."

दोन वर्षांपूर्वीच्या पुरासाठी आलेल्या मदतीतले काही पैसे उरले होते. त्यातून नगरपालिकेनं गल्लीतल्या बायकांसाठी पोहण्याच्या तलावावर हा वर्ग काढला. उरलेल्यात सारिकाच्या नावची मदतही होती. पुरात वाहून गेलेला तिचा नवरा दिगंबर सापडलाच नव्हता. माणूस घरी यायचाय आणि त्याच्या नावानं पैसे कसले घ्यायचे, म्हणून तिनं ते नाकारले होते. गल्लीतल्या सगळ्याजणी तिच्यासमोर "भावजी आले की" असंच बोलायच्या.

शिकवणाऱ्या बाईंनी दागिने काढायला सांगितले. बायकांनी खिदळत आपापली मंगळसूत्रं सारिकाच्या सासूच्या, आक्कांच्या, पदरात टाकली.

"आक्का, सराफी दुकानच मांडलंत की!"

सारिकाला तिथं आणायच्या आक्काच. पण ती आजही काठावर बसून राहिली, पाय पाण्यात आणि मूठ गळ्यातल्या मंगळसूत्रावर. फाटक वाजलं की तिची मान वळायची. आता तलावाचा रखवालदार आला, तरी वळली.

आक्का पदर सांभाळत तिच्याशेजारी टेकल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे ते माझ्याकडं, आणि उतर पाण्यात. दिगू आता यायचा नाही, बाळा."